अडीच फुटी रुळाचा थांबा : फलकाच्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

कार्तिकीला गेलेली मंडळी परत आली आणि पारावर विषय निघाला, की मिरज–पंढरपूर रेल्वेला २०२७ साली शंभर वर्षं होतील. लाईन १९२७ ची, हे गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. नॅरोगेजची (अरुंद रुळाची) गाडी जिथं थांबायची तिथं, म्हणजे रेल्वेची हद्द सोडून पंचायतीच्या जागेत, एक फलक लावायचा असं ठरलं. चार बाय सहाचा पत्रा, पेंटर गावातलाच. मजकूर माझ्याकडं. सेवा केंद्रात सातबारा नि उत्पन्नाचे दाखले मी छापून देतो, म्हणून लिहिणं मला येतं असा लोकांचा समज आहे.

पहिली ओळ सरपंचांनी तिथंच सांगून टाकली : "सन १९२७ पासून आपल्या गावचे ऐतिहासिक रेल्वे स्थानक." मी लिहून घेतली. घरी येऊन वाचली तर दोन ठिकाणी टोचली. एक म्हणजे 'स्थानक'. तिथं फलाट नव्हता, सिग्नल नव्हता. दगडी जोत्यावर पत्र्याचं एक खोपट होतं. आणि दुसरं '१९२७ पासून'. लाईन १९२७ ची म्हणून थांबाही तेव्हाचाच, असं कोणी बघितलंय?

म्हणून ही वही. जे हाताला लागेल ते तारखेसकट लिहीत जाणार.

१२ नोव्हेंबर

जागेवर गेलो. बरोबर टेप, शाळेतनं मागून घेतलेली फक्की आणि शेजारचा सहावीतला पोरगा. खोपटाचं जोतं अजून आहे, आठ बाय सहा फूट, त्यावर आता बाभळ. एक लिंब आहे. जुन्या भरावाचा एक तुकडा आणि त्याखालची दगडी मोरी शाबूत आहे. मोरीतनं सध्या कोणाच्या तरी द्राक्षबागेची पाइपलाईन गेलीय. नवी ब्रॉडगेज तिथनं हाकेच्या अंतरावर. तिच्यावरनं गाड्या जातात, आपल्याकडं बघत नाहीत.

पोरगा म्हणाला, "काका, गाडी जायची ती केवढी?" मातीवर फक्कीनं दोन रेघा मारल्या, मधे ७६२ मिलिमीटर. अडीच फूट. तो दोन्ही रेघांवर पाय टाकून आरामात उभा राहिला. मग शेजारी ब्रॉडगेजच्या रेघा मारल्या, १६७६ मिलिमीटर. त्या त्याच्या पायात मावेनात. उडी मारून बघितली आणि पडला. फलकावर हे लिहिण्यापेक्षा फलकासमोर जमिनीवरच अशा दोन जोड्या सिमेंटात आखून ठेवाव्यात का? विचारून बघू.

१५ नोव्हेंबर

या लाईनची गोष्ट आपल्या गावापासून सुरू होत नाही. ती कुर्डुवाडीपासून सुरू होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) १८६० साली सोलापूरला पोचली. पण बार्शी ही कापसाची, गळिताच्या धान्याची मोठी पेठ वीसेक मैल बाजूला राहिली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला कंपनीनं नाव दिलं 'बार्शी रोड'. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावाला 'रोड' लागला की समजायचं, गाव इथं नाही, इथनं रस्ता आहे. आपला जत रोड त्याच जातीचा. जतला जायचं म्हणून तिथं उतरलेल्या पाहुण्यांनी जत रोडला शिव्या घातल्याचं मी लहानपणी कानांनी ऐकलंय.

तर बार्शीचा माल बैलगाड्यांनी बार्शी रोडला यायचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ पासून जीआयपीमध्ये इंजिनांवर देखरेख करायला होता. त्यानं यात धंदा बघितला. रेल्वे स्वस्त का होत नाही? जड इंजिनाला जड रूळ लागतो, जड रुळाला जड पूल लागतो, मोठा भराव लागतो. त्यानं उलटीकडनं हिशोब मांडला. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही एका एक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीच्या कण्यावर, पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. वजन जास्त चाकांवर वाटून द्यायचं. मग दर यार्डाला (तीन फुटांना) तीस पौंडांचा हलका रूळ चालतो, आणि त्या हलक्या रुळावरनं बऱ्यापैकी मोठा डबा नेता येतो. लीड्सच्या किटसन कंपनीनं पाच इंजिनं बांधली. प्रत्येकाला ओढणारी आठ चाकं आणि मागं भार पेलायला आणखी चार. डबे दाबीव पोलादाचे. जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरता रूळ टाकून कॅल्थ्रॉपनं ही गाडी लोकांना चालवून दाखवली. आपल्याकडं बैलजोडी घेताना गाडीला जुंपून बघतात, तसंच झालं.

बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ साली लंडनमध्ये उभी राहिली. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळी मिळून २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर.

'लाइट' म्हणजे दिवा नव्हे, हलकी. हे मला स्वतःला पंचविशी उलटल्यावर कळलं, म्हणून इथं लिहून ठेवतो. माझी आजी 'बारशीलाईट' असा एकच शब्द म्हणायची, आणि डब्यात तर कधी दिवा नसायचा.

१६ नोव्हेंबर

कालची नोंद वाढत गेली, पण कॅल्थ्रॉप डोक्यातनं जात नाही. हा माणूस अरबी घोडे पाळायचा. पहिल्या महायुद्धात त्यानं विमानातनं उडी मारायची छत्री काढली, तिचं नाव 'गार्डियन एंजल'. आणि इंग्लंडातच स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड म्हणून अडीच फुटी लाईन बांधली, १९०४ साली सुरू झाली. तिच्या दोन इंजिनांपैकी एकाला त्याचंच नाव होतं. त्या खोऱ्यात शेतकरी आणि दूध. दुधाची वाहतूक मोटारींकडं गेली आणि १९३४ साली ती लाईन बंद पडली. रुळाच्या जागी पायवाट झाली. म्हणजे बार्शीचा धाकटा भाऊ विलायतेत तीस वर्षांत आटोपला आणि थोरला इकडं शतक ओलांडून चालला.

कॅल्थ्रॉप मार्च १९२७ मध्ये वारला. आपली मिरजेची लाईन त्याच सालची.

फलकात यातलं काहीच मावणार नाही, ठाऊक आहे.

२३ नोव्हेंबर

नानांकडं गेलो. वय चौऱ्याऐंशी, गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन रिटायर झाले. वडीलही गँगमध्येच होते. कानानं कमी, पण रेल्वेचं विचारलं की बरोबर ऐकू येतं.

मी आधीच लिहून नेलेले प्रश्न त्यांनी बाजूला ठेवायला लावले. चहा झाल्यावर स्वतःच सुरू केलं. सकाळी चावीवाला आपली बीट चालत निघायचा, खांद्यावर हातोडा, रुळाची सैल झालेली चावी दिसली की ठोकायची. बाकीची गँग खडी भरायची. वैशाखात दुपारी रूळ फुगायचा. "साप चालल्यावानी दिसतंय बघ. तवा लाल झेंडी घिऊन पळायचं."

मी म्हटलं, "नाना, गाडी लईच हळू होती म्हणतात."

"हळू हुती म्हंजी? रूळ बघितलास का तू? त्यावर पळवून कुणाला मारायचं हुतं व्हय?"

हे कॅल्थ्रॉपचंच गणित. शेंगा खाली पडल्या तर उतरून गोळा करून परत चढता येतं, हा विनोद या लाईनवर प्रत्येक गावानं आपापल्या नावावर केलाय. पण ज्या हलकेपणामुळं गाडी सावकाश होती, त्याच हलकेपणामुळं ती एवढ्या माळरानात परवडली. इथं तेव्हा काय होतं? शाळू, बाजरी, मेंढरं. जड रूळ टाकून इथनं काय न्यायचं होतं?

मग विचारलं, थांबा कधी झाला. नाना जरा थांबले.

"थांबा नंतर झाला रं. आधी चढ हुता."

हे समजायला मला दोनदा विचारावं लागलं. पंढरपूरकडनं येताना गावाच्या अलीकडं चढ आहे. भरल्या गाडीला तिथं इंजिन दमायचं, चालत्या माणसाच्या वेगावर यायचं. गावची माणसं तिथंच चढायची, तिथंच उतरायची. गार्ड शिव्या द्यायचा, मग देईनासा झाला. पुढं कधीतरी अर्ज-विनंत्या होऊन खोपट आलं आणि तिकीट मिळायला लागलं. नानांचे वडील सांगायचे, "आपुन गाडीला थांबा दिला न्हाई, तिनंच दम खायला जागा बघितली."

म्हणजे १९२७ पासून गाडी जायची, हे खरं. १९२७ पासून थांबायची, हे नाना स्वतः म्हणत नाहीत.

२५ नोव्हेंबर

जुन्या कागदासाठी एका कचेरीत गेलो. दोन तास बाकावर बसलो. साहेब नाहीत, मग साहेब आले पण जेवायला गेले, मग "नॅरोगेजचं काही इथं नसतंय" म्हणून उत्तर. सुट्टी फुकट गेली. पुढं.

३० नोव्हेंबर

आजचा दिवस मात्र लाभाचा.

आक्का. थांब्यावर तिकिटं विकणाऱ्या आबांची सून. आबा रेल्वेचे नोकर नव्हते, कमिशनवर होते. पुढच्या मोठ्या स्टेशनातनं तिकिटं मोजून आणायची, विकायची, पैसे भरायचे. गाडीच्या वेळेला खोपट उघडायचं, गाडी गेली की शेतात. आक्का स्वतः आषाढी-कार्तिकीला तिथं ताक आणि भाजलेल्या शेंगा विकायच्या. "यात्रेला टपावर माणसं, खाली माणसं, मालडब्यात माणसं. गाडी दिसायचीच न्हाई, माणसंच चालल्यात असं वाटायचं." वरनं शेंगाचे पैसे टाकायचे, ते कधीकधी रुळात पडायचे. आक्कांनी ते गाडी गेल्यावर वेचले.

उठताना म्हणाल्या, सासूबाईंच्या हरिपाठात काहीतरी होतं बघ. पोथी आणली. तेल लागून पानं पारदर्शक झालेली. मधे खूण म्हणून पुठ्ठ्याचं तिकीट. साधारण सव्वादोन इंच लांब, सव्वा इंच रुंद, फिकट तपकिरी, एका कडेला चिमट्यानं पाडलेली खाच. आमच्या गावाचं नाव आणि खाली पंढरपूर. नाव इंग्रजी स्पेलिंगात चुकवलेलं, पण आमचंच.

तारखेचा शिक्का पुसून गेलाय. भिंगानं, मोबाईलच्या टॉर्चनं, तिरकं धरून, सगळं केलं. नाही दिसत. मग तिकिटालाच विचारायचं ठरवलं.

तिकिटावर मध्य रेल्वेची अक्षरं आहेत. बार्शी लाइट सरकारनं घेतली ती १ जानेवारी १९५४ ला, आणि मग ती मध्य रेल्वेत गेली. म्हणजे तिकीट त्यानंतरचं.

तिकिटावर 'थर्ड' आहे. तिसरा वर्ग रेल्वेनं १९७४ साली काढून टाकला. म्हणजे त्याआधीचं.

वीस वर्षांचं माप झालं. यापुढं जाता येईना. जेवताना पुन्हा हातात घेतलं. भाड्याचा आकडा नेमका चिमट्याच्या खाचेत गेलाय, पण त्याच्यापुढची दोन बारीक अक्षरं शिल्लक आहेत : एन. पी. नया पैसा! दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि 'नया' हा शब्द १ जून १९६४ पासून गेला. वीस वर्षांची सात झाली.

भाकरी तशीच राहिली. आईनं विचारलं काय झालं, तिला तिकीट दाखवलं. ती म्हणाली, "मग हे तिकीट परत कसं आलं? ते तर गाडीतनं उतरल्यावर देऊन टाकायचं असतंय." याचं उत्तर माझ्याकडं नाही. आक्कांच्या सासूबाई पंढरपुरातनं तिकीट न देता बाहेर पडल्या असतील, तर एकादशीच्या गर्दीत त्यांना अडवायला कोण बसलं होतं.

एक सावधगिरी लिहून ठेवतो. ही सालं छपाईची झाली. आबांच्या खणात जुनी तिकिटं पडून असतील आणि नंतर खपली असतील, तर प्रवास पुढचा असू शकतो. पण १९६४ पर्यंत आमच्या गावाच्या नावाचं तिकीट छापलं गेलं होतं, हे पक्कं.

७ डिसेंबर

रविवार म्हणून शाळेची घंटा उतरवता आली. शाळेची घंटा म्हणजे लिंबाला तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा. मी याच घंटेवर चार वर्षं शाळा शिकलो आणि हा नॅरोगेजचा रूळ आहे हे मला माहीत होतं, पण तो कधी बघितला नव्हता. हेडसरांनी अट घातली, सोमवारी परिपाठाच्या आधी जागेवर पाहिजे.

रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन तासभर घासला. बगलेवर उठावाची अक्षरं आहेत, पण पोरांनी दगडानं वाजवून वाजवून नेमकी तीच बाजू चेपवलीय. एक अक्षरही धड लागलं नाही. ठीक आहे, वजन तर होईल.

तुकडा ४६ सेंटिमीटर. गावातल्या बेदाणा शेडवर इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तिथं नेला. आधी काट्यावर चिकटलेले बेदाणे खरवडून काढले, नाहीतर ग्रॅम चुकायचे. ७ किलो ९००. म्हणजे मीटरला सव्वासतरा किलोच्या आसपास. जुन्या मापात यार्डाला साडेचौतीस पौंड. झीज आणि गंज धरला तर पस्तीस पौंडी रूळ असावा. आता शेजारच्या लाईनवर नवीन रूळ पडतात ते मीटरला साठ किलोचे. साडेतीनपट.

शेडवरचा गडी तुकडा उचलून म्हणाला, "एवढ्यावर रेल्वे? आमच्या शेडचा अँगल जड आसंल." तसा नसेल, पण त्याचं आश्चर्य खरं होतं.

संध्याकाळी पिंपळगल्लीतल्या गोठ्यात रुळाखालचे लोखंडी स्लीपर दिसले, दावणीला उभे गाडलेले. लाईन रुंद झाली तेव्हा लिलावात घेतले म्हणतात. मी पावती मागितली नाही.

२१ डिसेंबर

दोन आठवडे काही झालं नाही. बागांच्या कामात कोणी बोलायला सापडत नाही. आज मिरजेला गेलो होतो त्याची नोंद.

मिरज जंक्शनात एके काळी तिन्ही गेज, म्हणजे तिन्ही रुंदीचे रूळ होते. पुणे–कोल्हापूर १९७१ ला ब्रॉडगेज झाली, लोंढ्याकडची लाईन मीटरगेजच राहिली आणि आपली अडीच फुटी. कागदावर हे कौतुकाचं वाटतं. हमालांना विचारा. एका गेजच्या डब्यातला माल दुसऱ्या गेजच्या डब्यात जाणार कसा? पाठीवरनं. नाना सांगतात, आरग-बेडगकडच्या पानमळ्यातल्या पानांच्या करंड्या आधी उतरवायचे, कारण पान थांबत नाही. पोती थांबतात. घोंगड्यांचे गठ्ठे तर दोन दिवस पडले तरी कोण विचारतो. सगळी लाईन हलकी आणि स्वस्त, आणि शेवटच्या शंभर फुटांत माणसाच्या मणक्यावर येऊन तिची किंमत वसूल व्हायची. कॅल्थ्रॉपच्या हिशोबात हे एक्सल नव्हते.

लातूरकडची बाजू २००७-०८ मध्ये रुंद झाली, आपली त्यानंतर. त्या कामातच थांबा गेला. ब्रॉडगेजला एवढ्या जवळ जवळ थांबे परवडत नाहीत, आणि चढावर तिचं इंजिन दमतही नाही.

कुर्डुवाडीचा नॅरोगेजचा कारखाना मात्र आहे. माथेरानच्या गाडीचे डबे तिथं येतात.

२८ डिसेंबर

आजच्या तारखेवरनं आठवलं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्यातनं पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, पंतप्रधानांनी व्हिडिओवरनं झेंडी दाखवली. डाळिंबं, द्राक्षं, ढोबळी मिरची, फ्लॉवर, शेवगा. आमच्या गावचाही माल गेला होता, पण टेम्पोनं सांगोल्यापर्यंत. टेम्पो रेल्वे लाईनच्या कडेकडेनंच जातो. एकदा फाटक पडलं म्हणून टेम्पो थांबला आणि समोरनं मालगाडी गेली, असं चुलतभाऊ सांगतो. त्याचा क्रेटवाला खर्च आणि रेल्वेची निम्मी सवलत यावर तो अर्धा तास बोलला. ते या वहीत नको.

४ जानेवारी २०२६

एक नोंद टाळत होतो.

एप्रिल २०१६. लातूरला पाणी संपलं होतं. मिरजेत कृष्णेचं पाणी टँकरच्या डब्यांत भरून रेल्वेनं लातूरला पाठवलं. डबे राजस्थानातनं, कोट्याहून आलेले. पहिली गाडी ११ एप्रिलला मिरजेतनं सुटली, दहा डबे, साधारण पाच लाख लिटर, दुसऱ्या दिवशी पहाटे लातूर. नंतर पन्नास पन्नास डब्यांची गाडी, पंचवीस लाख लिटर. ३४२ किलोमीटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. नकाशावर बोट फिरवून बघा, बार्शी लाइटचाच रस्ता आहे.

ती गाडी आमच्या खोपटाच्या जोत्यासमोरनं जायची. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर टँकर दिवसाआड होता. बायका घागरी मांडून बसलेल्या आणि समोरनं पाण्याची रेल्वे. कोणी वाईट बोललं नाही, हे मी स्वतः बघितलंय. लातूरला माझी मावशी असते. एका म्हातारीनं गाडीला हात जोडले. एका पोरानं मोजले, "पन्नास!" आणि मग सगळी पुन्हा घागरीच्या नंबराकडं बघायला लागली.

पुढं म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, बागा झाल्या, तो विषय वेगळा. पण इंजिनिअरिंगचं एक इथं बसतं. त्या भरलेल्या टाकीडब्याच्या एका एक्सलवर वीसेक टन येतात. पाच टनांच्या लाईनवर ती गाडी उभीही राहिली नसती. थांबा गेला नसता तर पाणी गेलं नसतं, असं गणित मांडून बघितलं. बरोबर आहे. आवडलं नाही.

२६ जानेवारी

ग्रामसभा. फलकाचा विषय सातवा, म्हणजे लोक उठायला लागल्यावर.

मी मजकूर वाचला :

"मिरज–पंढरपूर अडीच फुटी रेल्वे १९२७ साली सुरू झाली. ती लंडनच्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीची होती. १९५४ साली ती भारत सरकारने घेतली. या चढावर गाडी हळू होई, तेव्हा लोक चढत-उतरत. पुढे येथे थांबा झाला. या थांब्याचे १९५७ ते १९६४ च्या दरम्यान छापलेले तिकीट गावात आहे. रेल्वे रुंद झाली तेव्हा थांबा बंद झाला."

शांतता. मग एकजण, "हे तर लईच कमी झालं."

सरपंच म्हणाले, "'दरम्यान' असं फलकावर लिहित्यात व्हय? पाव्हणं हसतील. सरळ १९२७ लिही की. कोण तपासाय येतंय?"

मी म्हटलं, तपासायला आपलीच पोरं येतील. आजच तिसरीतल्या एकानं मला विचारलं, लाईन बांधली आणि थांबा दिला, या दोन्हीला एकच साल कसं. हे शेवटचं मी रचून सांगितलं, तिसरीतलं कोणी असलं काही विचारत नाही. पण नाना पुढच्या खुर्चीत बसले होते. त्यांना माझं सगळं ऐकू गेलं नसावं. ते उठून एवढंच म्हणाले, "चढाचं लिवलंय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या." आणि बसले. नानांच्या पुढं सरपंचही बोलत नाहीत, ते त्यांचे मामा लागतात.

ठराव झाला. 'ऐतिहासिक' शब्द मात्र आत आलाच, शीर्षकात. तेवढं मी सोडलं. सिमेंटातल्या रेघांना वेगळे सहाशे रुपये मंजूर.

आक्कांनी तिकीट पंचायतीला द्यायला नकार दिला. रंगीत झेरॉक्स घेऊ द्या म्हणाल्या, मूळ हरिपाठातच राहील. मला पटलं. कपाटात ठेवलं असतं तर उद्या किल्ली कोणाकडं हे शोधत बसावं लागलं असतं.

१५ फेब्रुवारी

जमिनीवरच्या रेघा झाल्या. गवंड्यानं ७६२ च्या जागी ७२६ आखलं होतं, ओलं होतं म्हणून बरं, पुन्हा करून घेतलं. संध्याकाळपर्यंत त्यावर एक कुत्रं चालून गेलंय, चार पावलं उमटलीत, दोन्ही गेजवर.

२२ फेब्रुवारी

पेंटरनं पाया पिवळा मारला, अक्षरं काळी. जुनी स्टेशनं तशीच असायची म्हणून. 'दरम्यान' ला जागा कमी पडली तर त्यानं विचारलं, काढू का. नको म्हटलं. मग त्यानं शब्द बारीक करून बसवला. पण 'थांबा झाला' मधला अनुस्वार विसरला, 'थाबा झाला' असं वाचतं. उद्या सकाळी येऊन टिंब देतो म्हणालाय.

येताना शाळेत गेलो. घंटेची तार गंजून तुटायला आली होती, ती काढून साखळी घातली. तुकडा या वेळी उलटा टांगला, अक्षरांची बाजू लिंबाच्या खोडाकडं. पोरांना दगड मारायला आता दुसरी बाजू आहे.